दुप्पट उंचीचं अंगण

ढाळ्या कुणाच्याही घरी गेला की आधी जमिनीकडे बघायचा. नवख्या माणसाला वाटायचं, पोरगा लाजाळू आहे. तो अजिबात लाजाळू नव्हता. तो फरशीचा ढाळ बघत असायचा, आणि चहाचा कप हातात येईपर्यंत तो ढाळ कुठं चुकलाय हे त्यानं यजमानांना सांगूनही टाकलेलं असायचं. त्यामुळे दुसऱ्यांदा चहाला त्याला फारसं कुणी बोलवत नसे.

पाणी वाहून जावं म्हणून गवंडी फरशीला जो हलकासा उतार देतात, तो ढाळ. त्याच्यावरून हे टोपणनाव पडलं आणि असं चिकटलं की सख्खी ताईसुद्धा त्याला ढाळ्याच म्हणायला लागली. वेड मात्र लहानपणचं. त्यांच्या घरी बाथरूमचा ढाळ जाळीकडे असायच्या ऐवजी दाराकडे होता. कुणीही आंघोळ केली की पाणी उंबरठ्याखालून थेट स्वयंपाकघरात यायचं आणि आई खराटा घेऊन त्याला परत पाठवायची. गवंड्याला बोलावून आणलं, तर तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "एवढं थोडंफार व्हायचंच." वडिलांनी ते मान्य केलं, आईनं मान्य केलं, ताईनं मान्य केलं. ढाळ्यानं आजतागायत केलेलं नाही.

पुढं तो आर्किटेक्ट झाला आणि एका ऑफिसात लागला. साहेबांनी त्याचा गुण ओळखून त्याला संडास-बाथरूमच्या ड्रॉइंगांना जुंपलं. बाकीचे लोक इमारतींचे दर्शनी भाग रंगवायचे आणि ढाळ्या कोपऱ्यात बसून मोरीच्या जाळीभोवती बाण काढायचा. वर्षं गेली, बाण संपेनात. शेवटी एका इमारतीच्या गच्चीचा ढाळ साहेबांनी त्याला न विचारता बदलला, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या इमारती उभ्या राहतात ते राहणाऱ्यांच्या नशिबानं." साहेबांनी दार दाखवलं. जाता जाता ढाळ्यानं दाराच्या उंबऱ्याचाही ढाळ चुकल्याचं सांगितलं, म्हणजे परतीची वाट त्यानं स्वतःच्या हातानं बुजवून टाकली.

मग त्यानं लँडस्केप आर्किटेक्चरच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. घरातला ढाळ बोटभर, बाहेरचा एकरभर. मैदानं, बागा, तळ्यांचे काठ, सगळीकडे पाण्याला वळण लावायचं. आपल्यासाठीच हा विषय काढलाय अशी त्याची खात्री पटली. विद्यापीठ ताईच्या गावात होतं, म्हणून तो ताईकडे राहायला आला. ताईला ही गोष्ट तो सामान घेऊन दारात उभा राहिला तेव्हा समजली.

ताई पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं, आणि घरात ड्रॉइंगची शीट पसरायला तेवढी एकच जागा होती. सकाळी टेबल ताईचं, संध्याकाळी ढाळ्याचं, असा तह झाला आणि दोघांनीही तो पाळला नाही. ताई त्याच्या कंटूरच्या शीटवर टाचण्या खुपसून ठेवायची. कंटूर म्हणजे जमिनीचा चढ-उतार दाखवणाऱ्या नागमोडी रेघा. तो तिच्या मखमलीवर शाई सांडायचा. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करणारे. ते या भांडणात कुणाच्याच बाजूनं नसायचे, फक्त खुर्ची ओढून जवळ बसायचे.

"दोन वर्षं शिकून तू करणार काय?" ताईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"लँडस्केप."

"म्हणजे झाडं लावणार."

"झाडं माळी लावतो, ताई."

"मग तू?"

"कुठं लावायची ते मी सांगणार."

"आणि एवढं सांगायला दोन वर्षं?"

"अगं, लावायला एक दिवस लागतो," भाऊजी म्हणाले, "सांगायला वेळ लागणारच."

ताई हसली नाही. तिनं बजावलं, "पदवी घे आणि नोकरीला लाग. त्यानंतर एक दिवससुद्धा हे टेबल तुला मिळणार नाही. आणि नापास झालास तर सामान आवर आणि त्या जुन्या साहेबांचे पाय धर."

जुन्या साहेबांना आपण काय बोलून आलोय हे ढाळ्यानं तिला सांगितलेलं नव्हतं.

विभागात त्याची गाठ झारीबाईंशी पडली. बाई स्टुडिओ घ्यायच्या, म्हणजे दिवसभर विद्यार्थ्यांच्या टेबलांमधून हिंडायच्या आणि दिसेल ती रेघ खोडायच्या. हातात कायम पत्र्याची एक छोटी झारी असायची. स्टुडिओतल्या कुंड्यांना पाणी घालायची आहे, असं पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटे. कुंड्या वाळून गेलेल्या होत्या. ती झारी मॉडेलसाठी होती. परीक्षेला विद्यार्थी पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून जमिनीचं मॉडेल करायचे, थरांच्या पायऱ्यांत रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पृष्ठभाग गुळगुळीत करायचे आणि वर वॉर्निश मारायचे. बाई त्यावर झारीनं पाणी सोडायच्या. पाणी ठरल्या वाटेनं वाहिलं तर पास, कुठं साचलं तर बाई फक्त साचलेल्या जागेवर बोट ठेवायच्या. वॉर्निश कच्चं असेल तर महिन्याची मेहनत डोळ्यांदेखत फुगायची. लोक रडत बाहेर जायचे आणि बाई पुढच्या टेबलाकडे वळायच्या.

सगळ्या विद्यार्थ्यांना बाई अरे-तुरे करायच्या. ढाळ्याला मात्र पहिल्या आठवड्यापासून 'तुम्ही'. मान म्हणून नव्हे. पहिल्याच तासाला त्यानं हात वर करून स्टुडिओच्या फरशीचा ढाळ चुकलाय हे सांगितलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही इथं शिकायला आला आहात की तपासणीला?" तो 'तुम्ही' तेव्हापासून कायम राहिला.

पहिल्या सत्राच्या परीक्षेला ढाळ्याचं मॉडेल सगळ्यांत चपटं होतं. बाकीच्यांच्या टेकड्या छातीपर्यंत आल्या होत्या, याची जेमतेम टेबलाच्या वर डोकावत होती.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"टेकडीचा पायथा."

"मला झाकण दिसतंय."

"खऱ्या मापाचं आहे, बाई. जमीन असतेच चपटी."

"इथं मॉडेलला उंची दुप्पट घेतात. ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. का घेतात ते नाही."

"चढ-उतार डोळ्यांना दिसावेत म्हणून."

"म्हणजे खोटे."

स्टुडिओत कुणीतरी पेन्सिल पाडली. बाईंनी झारी तिरकी केली. पाणी टेकडीच्या पायथ्याशी आलं, थबकलं आणि फुगवटा धरून तिथंच बसून राहिलं.

"डबकं," बाई म्हणाल्या.

"पाण्याला आपलं स्केल कळत नाही, बाई. मॉडेल लहान केलं म्हणून थेंब लहान होत नाही. खऱ्या जमिनीवर एवढ्या ढाळानं पाणी सुरळीत वाहील."

"खरी जमीन आज परीक्षेला आलेली नाही," बाई म्हणाल्या. "हे मॉडेल आलेलं आहे."

ढाळ्या नापास झाला. विद्यापीठाचा नियम असा, की स्टुडिओत एकदा नापास झालेल्याला सांभाळून घ्यायचं, दुसऱ्यांदा झाला की हात जोडायचे. ते सत्र त्यानं पुढं दुसऱ्या सरांकडे भरून काढलं. पण थेंबाची गोष्ट काही त्याच्या घशाखाली उतरेना. आपण बरोबर होतो हे त्याला कळत होतं, आणि बाईंनाही कळलं होतं असा त्याला दाट संशय होता. या दुसऱ्या गोष्टीनं त्याला जास्त छळलं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःची जागा निवडून तिचा आराखडा करायचा होता. त्याच्या वर्गातल्या स्पंजनं नदीकाठ घेतला. भांडी घासायच्या स्पंजला हिरवा रंग लावून झाडं करायची यात त्याचा हात कुणी धरत नसे, म्हणून स्पंज. इतरांनी स्मशानं, शाळा, खाणी घेतल्या. ढाळ्यानं विभागाचं अंगण घेतलं.

इमारतीच्या पायऱ्यांसमोरचं ते अंगण बाईंनी तरुणपणी आखलेलं होतं. काळ्या दगडाची फरसबंदी, मधे गोल ओटा, कडेनं झाडं. फोटोत बघावं असं. पण पाऊस झाला की पायऱ्यांच्या तोंडाशीच घोट्याएवढं पाणी तुंबायचं आणि शिपाई एक फळी आणून टाकायचा. त्या फळीवरून तोल सावरत विद्यार्थी आत जायचे आणि आत बसून पाण्याच्या निचऱ्यावर व्याख्यानं ऐकायचे. बाईंचं म्हणणं असं, की जाळी तुंबते. त्यांच्यासमोर कुणी दुसरं काही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

ढाळ्याच्या मार्गदर्शक झारीबाईच होत्या. त्यानं विषयाचा कागद पुढं सरकवला. बाईंनी वाचला, चष्मा काढला.

"माझं अंगण?"

"विभागाचं अंगण."

"शहरात दुसरी जागा नव्हती?"

"होत्या. यात पाणी जास्त तुंबतं."

बाईंनी सही केली. पेनाची निब कागदातून खाली टेबलापर्यंत गेली.

सुटीच्या दिवशी ढाळ्यानं मोजणीचं यंत्र तिपाईवर मांडलं आणि भाऊजींना आकडे लिहिलेली उंच पट्टी घेऊन अंगणभर उभं केलं. यंत्राच्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, म्हणजे ती जागा किती खाली-वर आहे ते कळतं.

"डावीकडे!" ढाळ्या ओरडायचा. "पट्टी सरळ धरा, भाऊजी!"

"सरळच आहे. मला उभं-आडवं कळतं, लिफ्टवाला आहे मी."

"मग हलू नका."

"आमच्या धंद्यात माणूस वर जातो नाहीतर खाली येतो," भाऊजी पट्टीला म्हणाले. "याच्या धंद्यात नुसता घसरतो."

वरच्या खिडकीत पडदा हलला. सुटी असूनही बाई आल्या होत्या. भाऊजींनी त्यांना हात केला, आणि पडदा पुन्हा जागेवर गेला.

"हीच ना ती झारीवाली? बरी वाटते की."

"तिकडं बघू नका. आकडा चुकतो."

आकडे मांडून झाले तेव्हा ढाळ्याला गुदगुल्या झाल्या. दुष्मनाच्या दाताला कीड लागल्याचं कळावं तसा त्याचा चेहरा झाला. अख्ख्या अंगणाचा ढाळ किंचित, अगदी किंचित, पायऱ्यांकडे होता. जाळी बिचारी पलीकडच्या टोकाला कोरडी बसून होती. तिच्यात तुंबायला पाणी पोचतच नव्हतं.

मग त्यानं आपलं अंगण आखलं. दगड तेच, ओटा तोच, पण जमिनीला हलकेच कूस बदलायला लावली. पाणी पायऱ्यांकडे पाठ करून कडेच्या उथळ चरात उतरेल, चरात लव्हाळं, आणि तिथून पुढं झाडांच्या मुळांशी. ताईच्या टेबलावर तो महिनोन्‌महिने वाकून बसला. ताई खाली सतरंजीवर बसून पडदे कापायची आणि दर वितीला एकदा कंबर धरायची. ड्रॉइंग खरोखर चांगलं उतरलं. प्रत्येक फरशीच्या कोपऱ्याची उंची त्यानं हिशोब करून लिहिली होती. त्यात खोट काढायची ठरवली असती तरी काढता आली नसती.

इथवर सगळं ठीक होतं. गाडी रुळावरून उतरली ती मॉडेलच्या वेळी.

त्याला दोन मॉडेलं करायची होती: बाईंचं अंगण आणि त्याचं अंगण, शेजारी शेजारी. बाईंच्या अंगणासाठी त्यानं पातळ पुठ्ठा घेतला, खऱ्या मापाचा. तसाच पातळ पुठ्ठा स्वतःच्या अंगणासाठी घेतला, पहिले थर कापलेही, आणि मग हात थांबला. पाणी सोडलं की खऱ्या मापावर त्याच्याही अंगणात ते फुगवटा धरून बसणार होतं. त्यालाच तर ठाऊक होतं हे. थेंब लहान होत नाही. म्हणजे दोन्ही मॉडेलांवर डबकंच, आणि बाई त्या दोन डबक्यांवर दोन बोटं ठेवणार.

तो बाजारात जाऊन दुप्पट जाडीचा पुठ्ठा घेऊन आला. स्वतःच्या अंगणासाठी. आपलं ड्रॉइंग शंभर टक्के खरं आहे, मॉडेलनं तेच जरा आवाज चढवून सांगितलं तर बिघडलं कुठं, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि स्वतः असल्यामुळे ते त्याला लगेच पटलं. बाईंचं अंगण पातळच राहिलं. दोन्ही मॉडेलांच्या कडांना त्यानं काळा रंग फासला, म्हणजे थर दिसायला नकोत.

स्पंज शेजारच्या टेबलावर झाडं पिंजत होता. "दोन जाडीचे पुठ्ठे आणलेस?"

"तू भांडी घास."

स्पंजनं मान खाली घातली. पण बघून ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक पाहुणे परीक्षक आले. मोठमोठ्या बागा करणारे, गोल, प्रसन्न, कशालाही "वा" म्हणणारे गृहस्थ. त्यांनी नदीकाठाला वा म्हटलं, खाणीला वा म्हटलं, स्मशानालासुद्धा म्हटलं. ढाळ्याची पाळी आली तेव्हा ते खुशीत होते. बाई शेजारी ताठ बसल्या होत्या. मागं सगळा वर्ग उभा होता, कारण आज काहीतरी होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

ढाळ्या बोलला, आणि चांगलं बोलला. अंगण कुणाचं हे त्यानं एकदाही सांगितलं नाही, फक्त 'मूळ आराखडा' म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी म्हणताना बाईंकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "पाणी सोडून बघू या?"

विभागाच्या इतिहासात विद्यार्थ्यानं स्वतःहून पाणी मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाईंनी झारी त्याच्या हातात दिली.

त्यानं बाईंच्या अंगणावर पाणी सोडलं. ते पायऱ्यांशी जाऊन साचलं. त्यानं स्वतःच्या अंगणावर सोडलं. ते सुळकन चरात उतरलं आणि टेबलाच्या कडेवरून थेट पाहुण्यांच्या बुटावर गेलं.

"वा!" पाहुणे पाय झटकत म्हणाले. "वा, वा! एकदम स्पष्ट."

ढाळ्यानं बाईंकडे पाहिलं. कित्येक महिने त्यानं या क्षणाची तालीम केली होती. बाई उठल्या. त्या डबक्याकडे गेल्या नाहीत. त्यांनी दोन्ही मॉडेलांच्या कडांवरून अंगठा फिरवला, मग पर्समधून किल्ली काढली आणि काळा रंग खरवडला. आधी एका कडेचा, मग दुसरीचा.

"हा पुठ्ठा पातळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि हा दुप्पट जाड."

मागं स्पंज खोकला. खोकल्यात समाधान होतं.

"पहिल्या सत्रात तुम्ही मला सांगितलं होतंत, थेंब लहान होत नाही. आठवतं?"

"हो."

"बरोबर होतं ते. घरी गेल्यावर मी विचार केला त्याचा." बाईंचा आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. "मग तोच थेंब आज माझ्या अंगणावर खऱ्या मापात का सोडलात? आणि स्वतःच्या अंगणावर दुप्पट उंचीवरून?"

बरोबर होतं, असं बाई म्हणाल्या होत्या. ते ऐकायला ढाळ्या इतका थांबला होता, आणि ते नेमकं अशा वेळी मिळालं की हातात घेता येईना.

पाहुणे चांगले होते. त्यांना कुणाचं वाईट बघवत नसे. ते घाईघाईनं म्हणाले, "अहो, दुकानात पातळ पुठ्ठा संपला असेल. होतं असं. गडबडीत चूक झाली, काय हो? चूकच ना?"

"चूक असेल तर चूक म्हणा," बाई म्हणाल्या. "मी तसं लिहीन. चुकीला आपल्याकडे माफी आहे. पण मुद्दाम केलं असेल तर ही फसवणूक होते, आणि तुम्ही आधीच एकदा नापास आहात. पुढचा नियम तुम्हाला पाठ असेल."

एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरांचा, साधा, दिवसातून दहादा माणसं बोलतात तसला. ढाळ्याच्या डोळ्यांसमोर ताई आली, सतरंजीवर कंबर धरून बसलेली. जुने साहेब आले, दार धरून उभे. त्यानं तोंड उघडलं. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: उद्यापासून ही बाई दर वर्षीच्या पोरांना सांगणार, एक होता विद्यार्थी, स्वतःला ढाळातला समजायचा, पुठ्ठ्याची जाडी बघायला विसरला.

"ढाळात माझी चूक होत नाही," तो म्हणाला. "मुद्दाम केलं."

पाहुण्यांनी कपाळाला हात लावला. स्पंजनंसुद्धा "अरे" म्हटलं.

बाईंनी भिंतीवरची शीट खाली काढायला लावली, टेबलावर पसरली, आणि स्केलपट्टी घेऊन एकेक उंची तपासायला बसल्या. कोपऱ्यामागून कोपरा. पाहुण्यांचा चहा येऊन गार झाला. उभ्या असलेल्यांनी पाय बदलले, मग बसून घेतलं. ढाळ्या उभाच होता. बाई कुठं थांबल्या की तो टाचा उचलून बघायचा, आणि पेन्सिल पुढं सरकली की कॉलर आपोआप ताठ व्हायची.

शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"अंगण तुंबतं ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, आणि हे त्या पाहुण्यांना सांगत होत्या, ढाळ्याला नव्हे. "मी रोज त्याच फळीवरून येते. आमच्या वेळीही मॉडेल दुप्पट उंचीचं होतं. पाणी काय सुंदर वाहिलं होतं त्याच्यावर. खरा ढाळ एवढा बारीक, की दगड बसवताना तो उलटा फिरला." मग त्या ढाळ्याकडे वळल्या. "मॉडेलला शून्य. ड्रॉइंगला गुण आहेत. बेरीज काठावर येते. पास."

"पास?" ढाळ्या म्हणाला.

"काठावर."

"पण मी मुद्दाम केलं म्हणालो ना?"

"ऐकलं मी. नापास केलं तर तुम्ही जन्मभर सांगत फिराल की बाईनं अंगणाचा सूड घेतला. तेवढी चैन मी तुम्हाला करू देणार नाही. पुढचा विद्यार्थी!"

ढाळ्या घरी आला तेव्हा ताई मशीनवर होती. जमिनीवरच्या सतरंजीवर निळ्या कापडाचा ढीग होता.

"काय झालं?" तिनं मशीन न थांबवता विचारलं.

"पास."

मशीन थांबलं. ताईनं छातीवर हात ठेवला. भाऊजी आतून बनियनवरच बाहेर आले. "काय म्हणतोस! मग तोंड असं का? कुणी मारलं का काय?"

"तिनं पास केलं."

"कुणी?"

"त्या बाईनं. मुद्दाम. काठावर."

"मुद्दाम पास केलं?" भाऊजी गंभीर झाले. "तक्रार कर. वर लिहून दे, माझ्यावर अन्यायानं पदवी लादली."

"तुम्हाला कळायचं नाही, भाऊजी. ती मला म्हणाली, चूक झाली म्हणा. मी म्हणालो, मुद्दाम केलं. आता यानंतर माणसानं सरळ नापास करावं की नाही?"

ताई हळूहळू उठली. "थांब. तिनं विचारलं, चूक झाली का. आणि तू नाही म्हणालास?"

"चूक नव्हतीच ती."

"नाही म्हटलं की नापास करतील, हे माहीत होतं तुला?"

"होतं."

ताईच्या हातात पडद्याच्या कड्या होत्या. पहिली त्याच्या कानावरून गेली, दुसरी खांद्याला लागली. "वर्षभर! वर्षभर मी जमिनीवर बसून कापड कापलं! कंबर मोडली माझी! आणि तुला दोन अक्षरं जड झाली? उचल! सगळं सामान उचल टेबलावरचं. आत्ताच्या आत्ता!"

ढाळ्या शीटा गुंडाळायला लागला. खाली वाकून, एकेक, रबर लावून. भाऊजींनी एक कडी उचलून ताईच्या हातात परत दिली.

"तिनं ड्रॉइंग तपासलं, ताई. पहिल्या कोपऱ्यापासून. एक आकडा चुकलेला निघाला नाही."

"मग झालं की समाधान!"

"ते तिनं म्हटलं पाहिजे ना तोंडानं! पाहुण्यासमोर नुसतं 'गुण आहेत' म्हणाली. गुण आहेत म्हणजे काय? उद्या जाऊन विचारतो."

"उद्या तू नोकरी शोधायला जाणार आहेस."

"जाता जाता विचारतो."

ताईनं निळं कापड उचललं, झटकलं आणि मोकळ्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. बऱ्याच दिवसांनी ती ताठ उभी राहून कापडावरून हात फिरवत होती. मग भावाकडे पाठ करून ती मशीनवर बसली आणि पायडल दाबलं. ढाळ्या बोलतच होता. मशीनच्या आवाजात शब्द काही कळत नव्हते. भाऊजींना फक्त त्याचा तळहात दिसत होता, हवेत आडवा धरलेला, दाराच्या बाजूला किंचित कललेला, आणि तोच ढाळ तो पुन्हा पुन्हा दाखवत होता.